गळण्यासाठी ठेवलेली जागा

वॉटर पंपाच्या पोटाखाली एक भोक असतं. पेन्सिल जेमतेम शिरेल एवढं. बेअरिंग आणि सील यांच्या मधोमध, बरोबर खालच्या अंगाला ते कारखान्यातच पाडलेलं असतं. सील चांगलं आहे तोवर भोक कोरडं राहतं. फार तर त्याच्या कडेला पांढुरका किंवा गंजकट डाग उठतो. सील झिजलं की इंजिनातलं पाणी शाफ्टच्या कडेकडेनं बाहेर यायला लागतं. त्याला वाट नसती तर ते सरळ बेअरिंगमध्ये शिरलं असतं, तिथलं ग्रीस धुऊन निघालं असतं, आणि एखाद्या चढावर पंखा डुगडुगत रेडिएटरच्या जाळीत घुसला असता. वाट आहे म्हणून आधी थेंब जमिनीवर पडतो. पंप निकामी होण्याच्या पुष्कळ आधी, मालकाला सवड मिळेल अशा बेतानं.

माझ्या जीपच्या पंपानं ही खबर दिली तेव्हा गाडी तापत नव्हती. काटा आपल्या जागी होता. पुढच्या चाकांच्या मध्ये, फरशीवर, एक हिरवट ठिपका. बोटाला किंचित चिकट, वासाला गोडसर. डिझेलचा वास ओळखू येतो, इंजिन ऑइल चोळलं की बोट काळं होतं; हे कूलंट होतं. बोनेट उघडून पंख्याचं एक पातं धरलं आणि पुढे-मागे हलवलं. अगदी बारीक टिकटिक हाताला लागली. कानाला ऐकू न येणारी, फक्त हातालाच कळणारी. बेअरिंगला खेळ आला होता. पंप बदलायची वेळ झाली होती.

जीप महिंद्राची, एमएम 540. तिच्या नाकाखाली जे इंजिन आहे ते मूळचं फ्रेंच घराण्यातलं. प्यूजोचं एक्सडीपी 4.90 हे डिझेल इंजिन महिंद्रानं परवान्यानं इथे बनवलं, इगतपुरीच्या कारखान्यात. चार सिलिंडर, 90 मिलिमीटरचा बोअर, 83 चा स्ट्रोक, सगळं मिळून 2112 सीसी. याच घराण्यातली इंजिनं प्यूजो 504 मध्ये बसून आफ्रिकेच्या कच्च्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षं धावली. आपल्याकडे अशा डिझेल जीपगाड्या पाटबंधारे खात्याच्या कालव्यांवर, वनखात्याच्या नाक्यांवर, पोलीस ठाण्यांच्या आवारात दिसायच्या, आणि त्यांच्या लांब भावंडांनी पश्चिम महाराष्ट्रात वडाप म्हणून, विदर्भ-मराठवाड्यात काळी-पिवळी म्हणून अख्खी गावं वाहिली. सह्याद्रीच्या माथ्यावर, कसाऱ्याचा घाट संपतो तिथे, धो धो पावसात घडलेलं हे इंजिन. उतरला की घाट, चढला की घाट. त्याच्या पाण्याची काळजी घेणारं माणूस त्याला जन्मापासूनच लागत आलं आहे.

बोनेट उघडून रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्या आणि त्यांच्या रेडिएटरमधून उसळणारी वाफ हे आपल्या घाटांचं एके काळचं नेहमीचं दृश्य. त्या चालकांच्या अंगी एक विद्या होती, ती आता विरत चालली आहे. चढाला इंजिन घुसमटू द्यायचं नाही, वेळेत खालचा गिअर टाकायचा. हे निव्वळ ताकदीसाठी नसतं. पंप पट्ट्यानं क्रँकशी बांधलेला असतो; इंजिन जितकं फिरेल तितकाच तो फिरणार. वरच्या गिअरमध्ये रेटत नेलं तर इंजिनावर भार जास्त आणि पंप मात्र मंद, म्हणजे उष्णता निर्माण होते भरपूर पण ती वाहून न्यायला पाणी हळू सरकतं. गिअर खाली घेतला की पंप आणि पंखा दोघेही जोमात येतात. चिखलाच्या वाटेवर, लो रेंजमध्ये, गाडी माणसाच्या चालीनं सरकत असते. तिथे समोरून वारा येत नाही. इंजिनाचा सगळा जीव त्या पंख्यावर आणि पंपावर असतो.

गाडी तापलीच तर लगेच बंद करायची नाही. पट्टा शाबूत आहे, पाणी गळून गेलेलं नाही, एवढं पाहून सावलीत उभी करून चालू ठेवायची, म्हणजे पाणी फिरत राहतं आणि हेड सावकाश निवतं. झाकण उघडायचं नाही. महाबळेश्वर सुमारे 1350 मीटर उंचीवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी 100 ऐवजी 95-96 अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं झाकण आतला दाब धरून ठेवतं, चौरस इंचाला एक पौंड दाब वाढला की उकळण्याचा बिंदू सुमारे दीड अंशानं वर सरकतो. झाकण फिरवलं की हा आधार एकदम जातो आणि सगळं पाणी उकळत अंगावर येतं. आणखी एक गोष्ट जुने लोक सांगत: तापलेला काटा एकाएकी खाली आला तर हायसं वाटून घेऊ नये. पाण्याची पातळी सेन्सरच्या खाली गेली की तो पाणी मोजायचं सोडून पोकळीतली वाफ मोजतो, आणि काटा खोटा दिलासा देतो. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर दोघं सारखे वाढत नाहीत. हेड वाकडं झालं की हेड पॅकिंग जातं, आणि मग ज्या दुरुस्तीला एक दिवस पुरला असता तिला महिना लागतो.

तर पंप. आत काय असतं? एक शाफ्ट, तिच्या एका टोकाला पंखा आणि पुली, दुसऱ्या टोकाला पात्यांची चकती, म्हणजे इंपेलर. मधे बेअरिंग आणि सील. एवढंच. विहिरीवरच्या पंपात जे घडतं तेच इथे घडतं: पाणी मधोमध येतं, फिरती पाती त्याला कडेकडे फेकतात, फेकलेल्या पाण्याच्या जागी नवं पाणी ओढलं जातं. दनी पापँ या फ्रेंच माणसानं 1689 च्या सुमारास असा पंप केला होता, पण त्याची पाती सरळ होती. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात जॉन ॲपोल्डनं वक्र पात्यांचा पंप मांडला आणि तेवढ्या एका वळणानं सरळ पात्यांना कितीतरी मागे टाकलं. महाराष्ट्रात हे यंत्र किर्लोस्करवाडीतून शेताशेतात पोचलं. आमच्या पिढीनं विहिरीवरची डिझेल इंजिनं पाहिली आहेत. त्यांतल्या पुष्कळांना रेडिएटर नसायचा. पंपानं उपसलेल्या पाण्यातलीच एक बारीक धार इंजिनाच्या अंगातून फिरवून आणलेली असायची. ती बाहेर पडताना कोमट असायची आणि थंडीच्या दिवसांत पोरं तिच्याखाली हात धरून उभी राहायची. इंजिन विहिरीचं पाणी काढत होतं आणि विहीर इंजिनाला निववत होती. जीपला विहीर नाही. तिला तेच थोडं पाणी पुन्हा पुन्हा फिरवावं लागतं, म्हणून तिच्यात एक थेंबही फुकट जाता कामा नये.

माझा खरा जीव जडला आहे तो सीलवर. शाफ्ट फिरते, कवच स्थिर असतं. फिरत्या आणि स्थिर वस्तूंच्या मधून पाणी जाऊ द्यायचं नाही, ही अडचण वाटते त्याहून कितीतरी कठीण आहे. विहिरीवरच्या जुन्या पंपात ग्लँडची दोरी असायची, ग्रॅफाइट चोपडलेली. ती कितीही आवळली तरी थेंब थेंब गळायची, आणि गळणंच योग्य होतं. कोरडी पडली की जळायची. गाडीच्या पंपात कार्बनची एक गुळगुळीत कडी स्प्रिंगच्या जोरानं दुसऱ्या तितक्याच गुळगुळीत पृष्ठावर टेकलेली असते. त्या दोघांत पाण्याचा एक पापुद्रा असतो, डोळ्यांना न दिसणारा. त्याच पापुद्र्यावर सील तरंगतं, त्यानंच निवतं, त्यानंच त्याची झीज थांबते. ज्या पाण्याला अडवायला सील बसवलं आहे त्याच पाण्यावर ते जगतं. रेडिएटरमध्ये पाणी नसताना इंजिन चालवलं तर सील थोड्याच वेळात जळतं. म्हणून भोकाच्या कडेला आलेल्या पुसट डागानं घाबरायचं नाही. तो सील जिवंत असल्याची खूण आहे. थेंब पडू लागला की मात्र उशीर करायचा नाही.

काही गॅरेजांत हे भोक एम-सीलनं बुजवतात. गळती थांबते, गिऱ्हाईक खूश होतं. मला याचा मनापासून राग येतो. ज्या कुणी हा पंप काढला-आखला, त्यानं आपलं काम कधी ना कधी संपणार हे आधीच मान्य करून, ते दुसऱ्याला कळावं यासाठी जागा ठेवली होती. ती बुजवणं म्हणजे त्याच्याशीही बेइमानी आणि घाटात त्या गाडीत बसणाऱ्यांशीही. थर्मोस्टॅट काढून फेकण्याचंही तसंच. आपल्याकडे ऊन फार, थर्मोस्टॅट कशाला, असं म्हणतात. पण सुमारे 80 अंशांपुढे उघडणारी ती छोटी झडप इंजिनाला लवकर ऊब देते आणि मग ती टिकवते. डिझेल इंजिन थंड चाललं की धूर जास्त, डिझेल जास्त, लायनरची झीज जास्त.

नवा पंप आणायला जुना काढून सोबत न्यावा. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत गाडीचं नाव सांगून भागत नाही. काउंटरवर जुना पंप ठेवला की दुकानदार बोलायला लागतो. भोकं जुळतात का, पुलीचं तोंड तेवढ्याच अंतरावर येतं का, हे दोन्ही पंप शेजारी उभे करून पाहायचं. पुली दोन मिलिमीटर पुढे-मागे झाली तरी पट्टा तिरका पळतो आणि एका हंगामात खाऊन जातो. मग उलटे करून इंपेलर पाहायचे. पाती ओतीव आहेत की पत्र्याची, किती खोल आहेत. इंपेलर आणि कवच यांच्यातली फट वाढली की पाणी पुढे जाण्याऐवजी तिथल्या तिथेच घुसळतं. असा पंप सबंध रस्ताभर नुसता फिरतो आणि गाडी तरी तापते. असे पंप बाजारात आहेत, चकचकीत रंगाचे. मी घेतला तो रंगानं मळकट होता, पण शाफ्ट हातानं फिरवली तेव्हा सबंध फेऱ्यात कुठे अडली नाही.

अर्थात त्याआधी जुना निघायला हवा होता. आमच्या मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये काम सुरू झालं रेडिएटर रिकामा करण्यापासून. खालची तोटी सोडून कूलंट भांड्यात धरलं. ते मातीत सोडायचं नाही, उघडंही ठेवायचं नाही. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना थोडंसंही जीवघेणं ठरतं; गॅरेजच्या आवारात कुत्री हमखास असतातच. मग पट्टा सैल केला, पंखा उतरवला, खालचा होज पाइप ओढून काढला. आता पंपाचे बोल्ट.

इथे काम थांबतं. हे बोल्ट वर्षानुवर्षं तापून निवून गंजलेले असतात, काहींची टोकं थेट पाण्यात उतरलेली असतात. वरून डोकं सुटं झाल्यासारखं वाटतं आणि आत आटे बिडाला चिकटलेले. एक मोडला की ड्रिल करून काढावा लागतो, आणि आटे गेले तर टॅप मारून मोठा बोल्ट घालावा लागतो. आदल्या रात्रीच आम्ही त्यांच्यावर डिझेल सोडून ठेवलं होतं. मिस्त्रींनी हातातला बारा-तेराचा रिंग पाना हाताखालच्या पोराकडे, बारक्याकडे दिला आणि म्हणाले, “आधी घट्ट करायच्या अंगाला जरासा वळव. कट्ट आवाज आला की मग उलटा. जोर लावू नको, पोरा, नुसता धरून राहा.” बारक्यानं तसं केलं. पहिला सुटला. दुसरा सुटला. एक हट्टाला पेटला, तेव्हा मिस्त्रींनी त्याच्या डोक्यावर हातोडीनं बारीक बारीक ठोके दिले, पुन्हा डिझेल सोडलं आणि चहा मागवला. चहा होईपर्यंत कुणी त्याला हात लावला नाही. नंतर तोही सुटला. मला वाटतं, या कामात ताकद वापरणं सोपं आहे आणि चहा मागवणं अवघड. ते वय आणि सराव यांच्याशिवाय येत नाही.

पंप सुटून हातात आला आणि आतला पाणीमार्ग दिसला. भिंतींवर विटकरी-करडा थर. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाच्या आत जसा क्षार धरतो, तसाच. दख्खनच्या काळ्या कातळातून येणारं बोअरचं आणि विहिरीचं पाणी जड असतं. माझ्या आधीच्या कुणीतरी मिळेल तिथलं पाणी मिळेल तेव्हा ओतलेलं. तो थर उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही. पंप कितीही नवा असला तरी धातू आतल्या आत तापत राहतो. या इंजिनाचे लायनर ओले, म्हणजे त्यांच्या बाहेरच्या अंगाला पाणी थेट भिडतं. डिझेलच्या दणक्यानं लायनर सतत थरथरतो, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे उठून त्याच्या अंगावर फुटतात, आणि साधं पाणी असेल तर काही वर्षांत बिडाला बारीक खड्डे पडू शकतात. चांगल्या कूलंटमधली औषधं धातूवर राखणदार थर धरतात. घाट चढणाऱ्या माणसाला हे माहीत असायला हवं, निदान त्याच्या गाडीखातर. ब्लॉक पुन्हा पुन्हा धुतला, खालून पाणी नितळ येईपर्यंत.

जुनं पॅकिंग खरवडताना मिस्त्री स्वतः बसले. बोथट पात्यानं, सावकाश, कारण इथे एक ओरखडा पडला की नव्या पॅकिंगखालून पाणी वाट काढतं. पंपासोबत तयार पॅकिंग आलं होतं, ते पातळ वाटलं म्हणून त्यांनी बाजूला ठेवलं. पॅकिंगचा जाड कागद पंपाच्या तोंडावर धरला आणि हातोडीच्या गोल टोकानं कडेकडेनं ठोकत गेले. बिडाच्या धारेवर कागद आपोआप कापला जातो. बोल्टांची भोकं त्याच पद्धतीनं, छर्रा ठेवून. काही मिनिटांत त्या पंपाच्या तोंडाचा हुबेहूब आकार त्यांच्या हातात होता, मोजपट्टी न लावता. मी कितीतरी छापील नकाशे पाहिले आहेत. एवढा नेमका क्वचितच. दोन्ही बाजूंना ग्रीसचा हात फिरवून त्यांनी तो बसवला. बोल्टांच्या आट्यांना सीलंट लावलं, सगळे आधी नुसत्या बोटांनी फिरवले, मग समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. ज्या बोल्टानं चहा पाजला होता त्याच्या जागी नवा घातला.

पट्टा चढवला. तो ताणायचाही एक हात असतो. अंगठ्यानं मधोमध दाबल्यावर साधारण बोटाच्या रुंदीएवढा झुकला पाहिजे. जास्त सैल असेल तर चढावर घसरून किंचाळतो, जास्त ताठ असेल तर नव्या बेअरिंगला पहिल्या दिवसापासून एका अंगाला ओढत राहतो. ओढ्यात खोल पाणी असेल तर जुने लोक हा पट्टाच सोडून ठेवत, म्हणजे पंखा पाणी उडवत नाही आणि पाती वाकून रेडिएटरला लागत नाहीत. पण पट्ट्यावर पंपही असतो. तेव्हा पलीकडे पोचलं की तो पुन्हा चढवण्यात हयगय करायची नाही.

कूलंट भरताना झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. वरचा होज पाइप हातानं दाबत राहिलो, आतली हवा बुडबुड करत वर येत होती. होज आधी थंड, कितीतरी वेळ थंडच. मग थर्मोस्टॅट उघडला आणि हाताखालचा रबर एकदम गरम झाला, रेडिएटरमधली पातळी झपकन खाली गेली. मिस्त्रींनी पुन्हा वरपर्यंत भरलं, झाकण लावलं. “पन्नास-साठ किलोमीटर फिरून या,” ते म्हणाले. “पूर्ण निवली की सकाळी बोल्ट पुन्हा एकदा बघू. तापून निवल्यावर पॅकिंग बसतं, बोल्ट थोडे सैल पडतात. गरम गाडीवर आवळू नका.”

ताम्हिणीच्या अंगानं गेलो. पावसाळा नुकताच सरला होता, चढाला एक ट्रक पुढे होता, त्याच्यामागे दुसऱ्या गिअरमध्ये बराच वेळ जावं लागलं. काटा थोडा वर सरकला आणि तिथेच थांबला. सकाळी मिस्त्रींनी पाना लावला तेव्हा दोन बोल्ट पाव फेरा फिरले.

जुना पंप मी भंगारात दिलेला नाही. त्याचं कवच धडधाकट आहे, आतली शाफ्ट, बेअरिंग, सील तेवढं संपलं आहे. वॉटर पंप किट मिळतं. ओळखीच्या लेथवाल्याकडे ते प्रेसवर दाबून बसवून घ्यायचं आहे. हातोडीनं ठोकून बसवलं तर कार्बनची कडी आतल्या आत तडकते आणि नवा पंप पहिल्याच दिवशी गळतो, हे लेथवाल्याला सांगावं लागत नाही. पंप तयार झाला की तो मागच्या सीटखालच्या पेटीत जाईल. तिथे जास्तीचा पट्टा आहे, होजच्या क्लिपा आहेत, दोन पाने आहेत, पाच लिटरचा कॅन आहे. मिस्त्रींनी कापलेलं दुसरं पॅकिंगही तिथेच आहे, वळू नये म्हणून पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत घालून ठेवलेलं.